रुमालाखालचा भाव

दोन वर्षांपूर्वी मी एक व्यवहार केला. कायद्यानं पाहिलं तर त्यात कसलीच खोट नव्हती. विकणारी राजीखुशीनं विकत होती, मी रोख पैसे मोजले, मालाबद्दल कुणी कुणाला खोटं सांगितलं नाही. तरी त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून जो प्रश्न डोक्यात शिरलाय तो वाचकांपुढं ठेवावा म्हणून हा लेख. उत्तर माझ्याकडं अर्धंच आहे.

देवणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकलचं दुकान होतं. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. देवणी तेव्हा तालुका झालेला नव्हता. आम्ही उदगीर तालुक्यातले आणि उस्मानाबाद जिल्ह्यातले. लातूर जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडायचं होतं. दुकानदाराला सगळी पोरं चाचा म्हणायची. तासावर सायकली भाड्यानं देणं हा त्यांचा मुख्य धंदा, पंक्चर काढणं हा जोडधंदा, आणि आम्हा पोरांच्या लेखी खरा धंदा तिसराच. दुकानाच्या मागच्या भिंतीला सुतळी ताणलेली असायची आणि तिच्यावर इंद्रजाल कॉमिक्सचे अंक दांडीवर कपडे टाकावेत तसे टाकलेले असायचे. तिथंच बसून वाचायचं तर दहा पैसे, घरी न्यायचं तर वीस. ट्यूब-टायर आणायला उदगीरला गेले की चाचा नवे-जुने अंक घेऊन यायचे. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर दुकानाचा गोल जांभळा शिक्का आणि बाजूला पेन्सिलीनं नंबर.

इंद्रजाल कॉमिक्स हे टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमन कंपनीचं प्रकाशन. मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, पुढं मराठीतही येऊ लागलं आणि १९९० मध्ये बंद पडलं. तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते. त्याचा राजा म्हणजे वेताळ. विक्रमाच्या पाठीवरचा नव्हे. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा फँटम. तिकडच्या वर्तमानपत्रांत तो १९३६ साली अवतरला, सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि मुखवट्याआड बुबुळं नसलेले डोळे, हा पुढच्या कितीतरी सुपरहीरोंचा साचा त्याच्यापासूनचा. जंगलातल्या काळ्या माणसांवर एक गोरा माणूस पिढ्यान्‌पिढ्या देखरेख करतो, यात काही खटकण्यासारखं आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्ही फक्त कवटीची अंगठी शोधत होतो.

१९७६ मध्ये त्याच अंकांतून बहादूर आला. कुडता आणि जीन्स घालणारा, डाकूचा पोरगा. बाप पोलिसांच्या गोळीनं मेलेला, पोरगा सूड घ्यायला निघालेला आणि शेवटी दरोडेखोरांच्याच विरोधात गाव उभं करणारा. चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची आणि कल्पना आबिद सुरती यांची. ‘धर्मयुग’मधला ढब्बूजी ज्यांचा, तेच आबिद सुरती. आमच्या गल्लीतल्या एकाही पोराला हे नाव ठाऊक नव्हतं. चित्रांची पुस्तकं घरात आणतो म्हणून माझ्या अम्मीनं मला किती वेळा दारात उभं केलं असेल! त्यातला एक नायक आपल्यातल्याच एका माणसानं घडवलाय हे तेव्हा सांगता आलं असतं तर निदान एक वेळचं जेवण तरी वेळेवर मिळालं असतं.

नोकरी लागली, मास्तर झालो, पोरं मोठी झाली. पन्नाशी ओलांडल्यावर कधीतरी नांदेडच्या फुटपाथवर वेताळाचा एक मराठी अंक दिसला आणि मला वेड लागलं. पुढची दहा वर्षं मी हे अंक जमवतोय. या वेडात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. पुण्यातले एक गृहस्थ तर असे, की कुठल्या अंकाचं मागचं पान कुठल्या जाहिरातीचं होतं हे फोनवर सांगतील. साठीच्या दशकातला मराठी अंक चांगल्या अवस्थेत हाती लागणं म्हणजे दुर्मीळ योग.

का दुर्मीळ? आमच्या घरातला हिशेब सांगतो. उर्दूचा कागद जमिनीवर पडला तर अम्मी तो उचलून डोळ्यांना लावायची. न जाणो त्यावर अल्लाचं नाव असेल. मशिदीतले जीर्ण झालेले कागद विहिरीत सोडत किंवा पुरत. कॉमिक्सला मात्र असलं संरक्षण नव्हतं. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालायला ते गेले, शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला गेले, चुलीत गेले, वाळवीला गेले. जे वाचलं ते या सगळ्यातून निसटलेलं.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. सुपरमॅनची पहिली गोष्ट ज्यात आली तो ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक जून १९३८ चा. किंमत दहा सेंट, छापल्या सुमारे दोन लाख प्रती. पोरांनी वाचून फाडल्या, आयांनी फेकल्या, दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमेत गठ्ठेच्या गठ्ठे गेले. आज शंभराच्या आसपास प्रती उरल्या असाव्यात असं जाणकार मानतात. २०१० मध्ये त्यातली एक दहा लाख डॉलरला गेली. एप्रिल २०२४ मध्ये दुसऱ्या एका प्रतीला साठ लाख डॉलर मिळाले. तिकडं असे अंक तपासून दहापैकी गुण देणारी कंपनीच आहे, २००० सालापासून. गुण दिले की अंक कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद. पेटी फोडली तर गुण रद्द. म्हणजे साठ लाख डॉलर मोजणाऱ्याला एवढी एक गोष्ट परवडत नाही: तो अंक उघडून वाचणं.

असो. माझ्या व्यवहाराकडं येतो.

चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान त्याआधीच बंद पडलं होतं; मोटारसायकली आल्यावर तासानं सायकल घेणार कोण? चाची एकट्या राहतात, मुलगा हैदराबादला ड्रायव्हर. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं. पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढून काढली. “बेटा, तू मास्तर है, देख जरा. कुछ काम का है क्या? नै तो रद्दीवालेकू देती.”

आत ११७ अंक होते. वरचे वीस-बावीस तर असे, की मी त्यांची फक्त नावं ऐकली होती. माझे हात थरथरत होते आणि चेहरा मात्र मी सरळ ठेवला. तो चेहरा सरळ ठेवणंच मला पुढं खुपत राहिलं. मी म्हणालो, जुनी पुस्तकं आहेत, मला वाचायला होतील. चाची म्हणाल्या, तुला द्यायचं ते दे. रद्दीच्या भावानं शंभरच्या आसपास झाले असते. मी हजार रुपये दिले. दहापट! चाचींनी डोक्यावर हात ठेवून दुआ दिली. पेटी रिक्षात घालताना मी स्वतःला दिलदार समजत होतो.

रात्री पुण्याच्या गृहस्थांना फोन केला. वरच्यातला एक नंबर सांगताच ते म्हणाले, याचे साडेतीन हजार आत्ता पाठवतो. एकाचे.

माझे अब्बा जनावरांच्या बाजारात दलाल होते. देवणीचं नाव देशभर गेलं ते इथल्या गुरांमुळं. चेहऱ्यावर काळेपणा असलेला वानेरा, पांढराशुभ्र बालंक्या, अंगभर काळे ठिपके असलेला शेवरा. हेडे लोक जनावराभोवती फिरून कान, वशिंड, खूर बघत आणि मग रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव बोलत. दोघांनाच कळणारा भाव. भोवतीचे फक्त चेहऱ्यांकडं बघत राहायचे. एकदा अब्बांनी एका शेतकऱ्याकडून अगदी पडत्या भावात वानेरा खोंड घेतला आणि आठवड्यात दीडपटीनं विकला. मी शाळकरी होतो, नुकतीच इमानदारीवर निबंधाला बक्षीस मिळालेलं. मी विचारलं, त्याला खरी किंमत का नाही सांगितली? अब्बा चिडले नाहीत. म्हणाले, जनावर ओळखायला मी वीस वर्षं उन्हात उभा राहिलोय, त्याची मजुरी मला कोण देणार?

या प्रश्नाला तोड नाही. वैद्याला जडीबुटी कळते म्हणून तो कमावतो, सराफाला सोनं कळतं म्हणून. मीसुद्धा दहा वर्षं धूळ खाल्ली होती, पदरचे पैसे घातले होते. माझ्याशिवाय त्या पेटीला देवणीत गिऱ्हाईक नव्हतं; दुसऱ्या दिवशी ती रद्दीच्या गाड्यावर गेली असती आणि अंक लगद्यात. संग्राहकांना हावरट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की मराठी इंद्रजाल आज जेवढं शिल्लक आहे ते याच वेड्यांमुळं. मी पाहिलेल्या एकाही वाचनालयानं ते जपलेलं नाही. अब्बांचा युक्तिवाद घेऊन मी दोन रात्री काढल्या. तिसऱ्या रात्री तो पुरेना.

कारण बाजारातला तो शेतकरी आणि चाची यांत फरक होता. शेतकऱ्यानं खोंड स्वतः वाढवला होता, चार दलाल त्याच्याभोवती होते, भाव पटला नाही तर दावं हातात धरून तो घरी जाऊ शकत होता आणि पुढच्या बाजारी पुन्हा येऊ शकत होता. चाचींसाठी बाजारच नव्हता. बाजार होता तो माझ्या खिशातल्या फोनमध्ये. रुमालाखाली माझे दोन्ही हात होते.

आपल्याकडं याला जुना दाखला आहे. अरबस्तानात बाहेरचे काफिले माल घेऊन शहराकडं यायचे तेव्हा काही हुशार व्यापारी वेशीबाहेर चार कोस पुढं जाऊन त्यांना गाठायचे आणि शहरातला भाव त्यांना कळायच्या आत माल घेऊन टाकायचे. यात खोटं बोलणं नसायचं, जबरदस्ती नसायची. तरी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी याला मनाई केली. फिकहच्या ग्रंथांत याला तलक्की म्हणतात. मला त्यातला पुढचा भाग अधिक विचार करायला लावतो. कुणी असा माल घेतलाच, तर विकणाऱ्याला बाजारात पोचल्यावर तो व्यवहार मोडायची मुभा दिली आहे. घेणाऱ्यानं अमुक इतका भाव द्यावा असं यात नाही. विकणाऱ्याला बाजार दिसू द्या आणि मग त्याला ठरवू द्या, एवढंच.

एका स्नेह्यांनी मला साठेबाजीचा, म्हणजे एहतिकारचा मुद्दा काढून झोडपलं. तो मात्र मला इथं लागू वाटत नाही. बहुतेक फकीहांनी एहतिकार धान्यासारख्या गरजेच्या वस्तूंपुरता मानला. इमाम अबू युसुफ यांनी तो वाढवून, जी वस्तू अडवल्यानं लोकांना झळ पोचते ती प्रत्येक वस्तू त्यात घेतली. वेताळाचा अंक मी पेटीत ठेवला म्हणून देवणीत कुणी उपाशी राहणार नाही. जमवण्याला माझा आक्षेप नाही. खुद्द वेताळही जमवणाराच होता की! कवटीच्या गुहेत त्याचे दोन खजिने. लहान्यात सोनं आणि हिरे-माणकं. मोठ्यात इतिहासातल्या चिजा, सिकंदराचा हिऱ्याचा प्याला, आर्थर राजाची तलवार असल्या. कुणी बघायला येत नाही, कुणाला विकायचं नाही. पण त्याच गुहेत त्याच्या वीस पूर्वजांनी लिहिलेल्या बखरी आहेत, आणि गोष्टींत तो सारखा उघडून वाचताना दिसतो त्या बखरीच. लहानपणी आम्ही खजिन्याच्या पानावर थांबायचो. आता मला त्या बखरींचा हेवा वाटतो.

प्रश्न घेण्याच्या क्षणाचा आहे, आणि तो सुपरमॅनच्या जन्मापासून चालत आलाय. जेरी सीगल आणि जो शूस्टर ही क्लीव्हलँडची दोन तरुण पोरं, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली. सुपरमॅन त्यांचा. १९३८ मध्ये त्यांनी त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला लिहून दिले. राजीखुशीनं, सही करून. पुढं कंपनीनं त्यावर किती कमावलं ते सांगायला नको. हे दोघे कोर्टात गेले, हरले, अंकांवरून त्यांची नावंही गेली. उतारवयात हलाखी आली. १९७५ मध्ये वर्तमानपत्रांतून ओरड झाल्यावर कंपनीनं दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर आणि नावाचा मान द्यायचं कबूल केलं. ज्या चेकनं त्यांना ते १३० डॉलर मिळाले (इतर कामाचे धरून तो ४१२ डॉलरचा होता), तो चेक २०१२ मध्ये लिलावात आला आणि एका संग्राहकानं एक लाख साठ हजार डॉलरला घेतला. तोवर दोघेही हयात नव्हते.

त्यांची सही होती. माझ्याकडं चाचींची दुआ होती.

पंधरा दिवसांनी मी पेटी घेऊन चाचींकडं गेलो. सांगितलं, की ही पुस्तकं महाग आहेत, मला माहीत होतं, मी बोललो नाही. हवी असतील तर परत घ्या. विकायची असतील तर गिऱ्हाईक मी दाखवतो. एका अंकाचा आकडा सांगितला.

मला वाटलं होतं, त्या खूश होतील. फार तर रागावतील. चाची बराच वेळ पेटीकडं बघत बसल्या. मग विचारलं, “एक का?” मी मान हलवली. त्यानंतर त्या बोलायला लागल्या त्या माझ्याशी नव्हेच. पावसाळ्यात लाकडं ओली असली की याच पुस्तकांनी चूल पेटवली. छप्पर दुरुस्त केलं तेव्हा दोन पोती रद्दीवाल्याला घातली. आणि चाचा उदगीरच्या दवाखान्यात होते, इंजेक्शनला पैसे नव्हते, कानातलं मोडलं, शेवटी घरी घेऊन आलो. तेव्हा पेटी पलंगाखालीच होती. चाचा वर पडलेले, पेटी खाली.

“मेरेकू कायकू बोला रे तू?”

या प्रश्नाला माझ्याकडं अजून उत्तर नाही. त्या काळी या अंकांना असा भाव नव्हता, असं मी म्हणालो. ते बरंचसं खरंही असेल. पण त्यांना ते ऐकू गेलं नाही. तलक्कीच्या त्या नियमात काफिल्यातला माणूस बाजारात पोचतो तेव्हा त्याच्या हातून फक्त एक व्यवहार निसटलेला असतो. तो मोडता येतो. चाचींना मी जो बाजार दाखवला त्यात त्यांची अख्खी तीस वर्षं तराजूवर आली, आणि त्यातलं काहीच मोडता येण्यासारखं नव्हतं. मी खरं बोललो ते त्यांच्या हक्कासाठी की माझ्या झोपेसाठी? दोन्हींसाठी, असं म्हणून सुटता येतं. पण गप्प राहिलो असतो तर त्या सुखात राहिल्या असत्या आणि मी लबाडीत. आपली लबाडी दुसऱ्याच्या सुखासाठी होती असं म्हणायची सोय किती जणांनी किती वेळा वापरली असेल! कंपनीच्या वकिलांनीही सीगल-शूस्टरबद्दल असंच काही मनात म्हटलं असेल. तेव्हा सांगायलाच हवं होतं यावर मी ठाम आहे. कधी आणि कसं, यावर नाही. पहिल्याच दिवशी, पेटी उघडताक्षणी, चेहरा सरळ न ठेवता सांगितलं असतं तर ती आनंदाची बातमी झाली असती. पंधरा दिवसांनी ती कबुली झाली आणि कबुलीचं ओझं त्यांनी उचललं.

ईदला मुलगा आला. आम्ही तिघांनी बसून यादी केली. पुण्याच्या गृहस्थांनी अवस्था कळवायला सांगितली होती. मी प्रत्येक अंकापुढं लिहीत होतो: कोपरा दुमडलेला, पिना गंजलेल्या, पहिल्या पानावर शिक्का. चाचींनी विचारलं, काय लिहितोस? म्हटलं, काय काय नुकसान झालंय ते. शिक्का म्हणजे कसलं नुकसान, त्या म्हणाल्या. वाचता येत नसलं तरी तो शिक्का त्यांना ओळखता येतो. पुण्याहून उत्तर आलं, की शिक्क्यामुळं भाव निम्म्यावर येईल. मुलानं मला बाजूला घेऊन विचारलं, पेट्रोलनं निघेल का? मी म्हणालो, कागद खराब होईल. ते खरं होतं, आणि एवढंच कारण मी दिलं.

अठ्ठेचाळीस अंक पुण्याला गेले. पैसे मुलाच्या खात्यात आले, त्यातून घरावर नवे पत्रे पडले. मी पाच ठेवून घेतले, बाजारभावानं; माझे हजार रुपये त्यात धरले आहेत. उरलेले चौसष्ट पेटीत घालून पेटी पुन्हा पलंगाखाली सरकवली. पाच अंकांचे पैसे पेन्शनमधून दर महिन्याला थोडे थोडे देतो. अजून दोन हप्ते राहिलेत.